आत कोण हाय काय?

मीटिंग रूमच्या दारात ते उभे राहायचे, उजवा हात दिव्याच्या बटणावर, मान थोडी आत घातलेली, आणि विचारायचे, "आत कोण हाय काय?"

आता आमच्या मीटिंग रूम काचेच्या. आत एक टेबल, चार-सहा खुर्च्या, कुणीतरी विसरलेली पाण्याची बाटली. कॉरिडॉरच्या त्या टोकावरूनही आत कोणी नाही हे स्वच्छ दिसतं. तरी ते विचारायचे. विचारून थांबायचे, उत्तर येतंय का ते कान देऊन ऐकायचे आणि मगच दिवा घालवायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. लिफ्टचं दार मिटताना मध्ये हात घालून कोणी येतंय का बघणारा, कॅब सुटताना मागच्या सीटवर वाकून डोकी मोजणारा. आपण अशा माणसाची नक्कल करतो, चहाच्या वेळी त्याच्यावर हसतो आणि तो नसला की आपल्याला चुकल्यासारखं होतं. आमचे अण्णा आता आमच्याकडे नाहीत. ते कसे गेले हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगते, मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

बेंगळुरूत, व्हाइटफील्डच्या त्या आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे तिघंच. मी पुण्याची, आमचा मॅनेजर नागपूरचा आणि अण्णा निपाणीजवळच्या एका गावचे. मी पुण्याची असल्यामुळे मला त्यांच्या प्रश्नाची पहिली अडचण आली ती व्याकरणाची. एकाच वाक्यात 'कोण' आणि 'काय' असे दोन-दोन प्रश्न कशाला, असं मी त्यांना विचारलं होतं. एक तर आत कोण आहे ते विचारा, नाहीतर आत कोणी आहे का ते विचारा. ते अजिबात न रागावता म्हणाले, "अगं, एक प्रश्न न्हाई ऐकू आला तर दुसरा तरी ऐकू येईल की."

त्यांचं अर्धं आयुष्य बेंगळुरूत गेलेलं. हेब्बाळला घर, घरात म्हातारी आई. घरी मराठी, बाहेर कानडी, ऑफिसात इंग्रजी, आणि रिंग रोडवर अडकले की तिन्ही. सगळा मजला त्यांना अण्णा म्हणायचा. अण्णा कानडीतही चालतं आणि मराठीतही, त्यामुळे त्यावरून कोणाचं भांडण नव्हतं. मला ते तंगी म्हणत. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पहिल्यांदा मला वाटलं, ते पैशांच्या तंगीबद्दल बोलतायत.

आमच्याकडे काम होतं एका मोठ्या हॉस्पिटलचं. त्याच्या चार-पाच गावांत शाखा. डॉक्टरांची वेळ घ्यायची, रक्ताचे रिपोर्ट भरायचे, पेशंटनं ते घरी बसून बघायचे, हे सगळं आमच्या वेबसाइटवर चालतं. अशा वेबसाइटला पुढे एक वेब सर्व्हर असतो आणि मागे जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालणारा एक अॅप्लिकेशन सर्व्हर. पुढचा दारात उभा असतो. येईल त्याला घेतो, चित्रं, रंग, बटणं असलं किरकोळ स्वतःच देऊन टाकतो. पण कोणी 'माझा रिपोर्ट कुठंय' म्हणालं की त्याला काही माहीत नसतं, ते मागच्याला विचारावं लागतं. या पुढच्या आणि मागच्याचा संबंध आपोआप जुळत नाही, कोणीतरी तो जोडून द्यावा लागतो. मी मागच्या, जावाच्या बाजूची. पुढची बाजू आणि मधली जोडणी अण्णांची.

या जोडणीत अण्णांनी एक नियम घातला होता. मागच्याकडे काहीही पाठवायच्या आधी पुढच्यानं त्याला हाक मारायची. मागच्यानं ओ दिली तरच पाठवायचं. ओ आली नाही तर समजायचं की तो पडलाय आणि दुसऱ्याकडे वळायचं. यात डोळ्याचं पातं लवायच्या आतला वेळ जातो, पण तेवढाही कशाला घालवायचा म्हणून आमच्या मॅनेजरनं एकदा तो नियम काढायला सांगितला. अण्णा म्हणाले, हाक न मारता कुणाच्या दारात माणूस सोडायचं काय? मॅनेजरनं दोन्ही हात वर केले. नियम राहिला.

मागचे सर्व्हर दोन होते. त्यांची नावं अण्णांनी ठेवलेली, दूधगंगा आणि वेदगंगा, त्यांच्या भागातल्या दोन नद्या. आत आलेला पेशंट एकदा ज्या नदीवर गेला त्याच नदीवर शेवटपर्यंत राहायला हवा, कारण त्याची अर्धीमुर्धी भरलेली माहिती तिथंच असते. म्हणून त्याच्यावर त्या नावाचा शिक्का मारतात. हे नाव पुढे जोडणीच्या फाइलमध्ये लिहायचं आणि मागे सर्व्हरवरही लिहायचं, आणि दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच पाहिजे. पुढे लिहिलं अण्णांनी, मागे लिहिलं मी. आणि गोंधळ उडाला. लोक आत यायचे, नाव टाकायचे आणि पुढच्याच क्लिकला बाहेर फेकले जायचे. वेदगंगेवर सगळं छान, दूधगंगेवर एक माणूस टिकेना. आम्ही नेटवर्कवाल्यांना बोल लावला, त्यांनी आम्हाला. शेवटी दोघांनी स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. इंग्रजीत दूध लिहिताना मी दोन ओ घातले होते आणि अण्णांनी एक यू. पुण्याचं दूध निपाणीच्या दुधाशी जुळेना.

अण्णा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "तुमचं पुण्याचं दूध," ते म्हणाले, "पाणी घालून वाढवलेलं असतंय." यात चूक नेमकी कोणाची यावर आम्ही पुढे कित्येक महिने वाद घातला. फाइलमध्ये मात्र यूच राहिला.

सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असला की पुष्कळ ठिकाणी तो सरळ बंद करतात. आत जो कोणी असेल त्याचं अर्धं काम वाया जातं, तो चार शिव्या घालतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अण्णा तसं करू देत नसत. आधी पुढच्याला सांगायचं, आता इकडे नवा माणूस पाठवू नको. आत आहेत त्यांना त्यांचं पुरं करू द्यायचं. एकेक करून सगळे गेले की मग बंद. इंग्रजीत याला ड्रेन करणं म्हणतात. अण्णा शेतातला शब्द वापरायचे, निचरा. "निचरा लावलाय," म्हणायचे आणि स्वतः त्या सर्व्हरच्या आत लॉगिन करून बसायचे, कारण आत कोण आहे ते आत गेल्याशिवाय नीट दिसत नाही. तिथलं पान आपोआप ताजं होत राहायचं आणि अण्णा त्याच्याशी बोलत बसायचे. हे कोणतरी रिपोर्ट भरायलंय, भरू दे. ही म्हातारी दिसतीय, एकेक अक्षर शोधायलीय, शोधू दे. मी घाई केली की म्हणायचे, तिची काय गाडी चुकायलीय, स्वल्प थांब. सगळे निघून गेले की शेवटी ते स्वतः लॉगआउट करायचे आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "लाव कडी." मग मी सर्व्हर बंद करायचा. हा क्रम कधी चुकला नाही.

हे सगळं कुठून आलं ते मला कळलं करपलेल्या दुधामुळे.

आमच्या पँट्रीत एकदा दूध उतू जाऊन पार कोळसा झालं. अख्खा मजला नाक दाबून बाहेर पळाला. अण्णा तिथंच, मशीनपाशी, निवांत कॉफी पीत उभे. मी त्यांना बाहेर ओढून आणलं, तर म्हणाले की त्यांना वास येतच नाही. कशाचाच? कशाचाच. मग ही दिवसातून इतक्या वेळा फिल्टर कॉफी कशाला पिता, म्हटलं. "गरम लागती. तेवढं बास," ते म्हणाले. मी सहज विचारलं, जन्मापासून असं आहे का? तेव्हा त्यांनी जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, कॉफीच्या पेल्याकडे बघत, जसं काही सुट्टीत कुठे जाऊन आलो ते सांगावं.

त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. अण्णा तेव्हा दुसरी-तिसरीत. उन्हाळ्याच्या दिवसांत वखारीत पोत्यांच्या मागे गार असायचं, म्हणून हे जाऊन पडले आणि डोळा लागला. संध्याकाळी दिवाणजीनं दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं आणि तो निघून गेला. घरच्यांना वाटलं, पोरगं आत्याकडे गेलं असेल. सकाळी बायका तंबाखू निवडायला आल्या तेव्हा त्यांना हे सापडले, तोंडातून फेस येत होता. जीव वाचला, पण तंबाखूच्या त्या खाटानं, उग्र भपकाऱ्यानं, नाक कायमचं गेलं.

मला वाटलं संपलं. मी काहीतरी बरं बोलायला तोंड उघडलं, तर ते पुढे म्हणाले, "मी झोपलेलो नव्हतो, तंगी. दार ओढलं तवाच जागा झालतो. कडीचा आवाज ऐकला मी. मला वाटलं, आता दिवाणजी विचारंल, आत कोण हाय काय, मग ओ द्यावी. न विचारता कसं बोलायचं, म्हणून गप बसलो. त्यानं विचारलंच न्हाई."

नंतर ओरडलो म्हणे, पण तोवर वखारीच्या आसपास कोणी नव्हतं.

ज्या प्रश्नाची आम्ही सगळे नक्कल करायचो तो प्रश्न एक लहान मुलगा अंधारात बसून ऐकायची वाट बघत होता, हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला. अण्णांनी पेल्यातली उरलेली कॉफी संपवली आणि ते जागेवर गेले. मी त्या दिवशी जेवले नाही.

यंदा आमच्या जोडणीचे दिवस भरले. वरून ठरलं की हे सगळं आता क्लाउडवर न्यायचं. तिथं पुढचा आणि मागचा जोडून द्यायची तयार सोय मिळते, चार बटणं दाबली की झालं, हातानं लिहिलेली फाइल लागत नाही. आणि फाइल लागत नाही तर ती लिहिणारा माणूस कशाला लागतो, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं. शेजारच्या इमारतींमधून माणसं कमी झाल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या. अण्णांनाही कळत होतं. तरी नव्याची मांडणी त्यांनीच केली, आणि मन लावून केली. त्यात हाक मारायचा नियम आहे का, हे त्यांनी सगळ्यात आधी शोधलं. होता. त्यामुळे त्यांचं नव्याबद्दलचं मत जरा बरं झालं.

एकच गोष्ट त्यांनी मागितली. माझ्यासमोर मॅनेजरला म्हणाले, "दूधगंगेचा शेवटचा निचरा माझ्या हातानं होऊ द्या. नंतर माझं काय करायचं ते करा." मॅनेजर मनापासून म्हणाला, "अण्णा, तुमच्याच हातानं होईल ना जी. दुसरं कोण करणार हाय?" अण्णा खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेवढंच ऐकलं.

बदलायचा दिवस ठरला, वेळ दुपारची, सकाळची ओपीडी संपलेली आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते तेव्हाची. वेदगंगा आधीच रिकामी होऊन बंद झाली होती. अण्णा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. जेवण झाल्यावर त्यांनी नव्या सर्व्हरकडे पेशंट वळवले, दूधगंगेला निचरा लावला आणि आत जाऊन बसले. मी शेजारच्या टेबलावर. आतली माणसं कमी होत होती. लॅबमधला कोणीतरी एक लांबलचक रिपोर्ट भरत होता आणि अण्णा त्याला कानडीत धीर देत होते, जसा काही तो शेजारीच बसलाय.

तेवढ्यात त्यांच्या स्क्रीनवर एचआरचा निरोप आला. जरा भेटू या, लगेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "तंगी, ह्याच्याकडं लक्ष ठेव. आलोच."

ते गेले त्याच काचेच्या मीटिंग रूममध्ये. एचआरची मुलगी टेबलाच्या पलीकडे बसली होती, तिच्यासमोर एक कागद पालथा ठेवलेला. मला आवाज येत नव्हता, पण दिसत सगळं होतं. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले. ती बोलत होती. अण्णा मान हलवत होते, आपण एखाद्याचा पत्ता समजून घेताना हलवतो तशी. मग त्यांनी हात आमच्या टेबलांच्या दिशेनं केला, काहीतरी समजावून सांगितलं, मला वाटतं ते निचऱ्याबद्दलच सांगत होते. तिनं हळूच नाही म्हटलं. त्याच वेळी त्यांच्या टेबलावरच्या लॅपटॉपचा पडदा काळा झाला आणि त्यावर कुलपाचं चित्र आलं.

मी मॅनेजरकडे वळले. तो त्याच्या जागेवर बसून स्वतःच्या दोन हातांकडे बघत होता. तुला माहीत होतं का, असं मी विचारलं. सकाळी कळलं, म्हणाला. मग वेळ बदलून का नाही घेतली, तासाभरानं का नाही, म्हटलं. तो म्हणाला, "वेळ सिस्टीमनं ठरते ना, माझ्या हातात काय हाय?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, नाहीतर मी त्याला आणखी बोलले असते.

अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांच्या बरोबर सिक्युरिटीचा माणूस होता. रोज सकाळी अण्णांना दोन बोटं कपाळाला लावून सलाम करणारा तोच. त्याला काय करावं ते कळत नव्हतं. अण्णा टेबलापाशी आले, स्टीलचा पेला उचलला, डबा उचलला, पिशवीत भरला. मग सवयीनं त्यांचा हात लॅपटॉपकडे गेला. गार्ड अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "सर, वो मत छुइए." अण्णांनी हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा.

मजल्यावर एवढी माणसं, आणि टाइप करायचा आवाजसुद्धा थांबलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं हसल्यासारखं केलं आणि निघाले. मीटिंग रूमच्या दारावरून जाताना ते थांबले नाहीत. आतला दिवा तसाच चालू होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते काही न विचारता गेले. लिफ्टचं दार मिटलं.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आलेल्या माणसाला दुपारी असं बाहेर काढता येतं, त्याचं वाक्य अर्ध्यावर असताना, हे मला आधीही माहीत होतं. ऐकलेलं होतं. पण ऐकणं वेगळं. मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले होते. आत माणसं असताना कधी सर्व्हरसुद्धा बंद न करणारा हा माणूस, आणि त्याला बंद करताना कोणी आत डोकावूनही पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं मॅनेजर माझ्या मागे येऊन उभा राहिला. दूधगंगेचं काय, म्हणाला. संध्याकाळची ओपीडी सुरू व्हायची वेळ होत आली होती. अण्णांच्या लॅपटॉपला कुलूप, त्यामुळे त्यांचं पान बघता येत नव्हतं. पण मी जावाच्या बाजूची, मला सर्व्हरवर मागच्या दारानं थेट जाता येतं. गेले. लॅबवाल्याचा रिपोर्ट भरून झाला होता, तो गेला होता. सगळे गेले होते. आत एकच जण शिल्लक होता.

"एक तर हाय," मॅनेजर म्हणाला. "करून टाक ना बंद."

मी नाही म्हटलं. एक असला तरी माणूस आहे, त्याचं होऊ दे. अण्णांचंच वाक्य माझ्या तोंडून आलं. थांबलो. तो एक जाईना. काही भरतही नव्हता, काही उघडतही नव्हता. थोड्या थोड्या वेळानं नुसता एकदा हलायचा, मी आहे म्हणायचा आणि पुन्हा गप्प बसायचा. असा कोण पेशंट आहे, म्हणून मी त्याचं नाव काढून पाहिलं.

नाव अण्णांचं होतं.

मी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मग कळलं. निचरा बघायला ते आत गेले होते ना, ते बाहेर आलेच नव्हते. बाहेर येऊ द्यायच्या आत त्यांना उठवलं गेलं. कंपनीनं त्यांचं खातं बंद केलं, कार्ड बंद केलं, दार बंद केलं, पण दूधगंगेनं त्यांना दुपारी ओळखून आत घेतलं होतं आणि ती पुन्हा ओळख विचारत नाही. कुलूप लागलेल्या लॅपटॉपमध्ये त्यांचं ते पान अजून स्वतःहून ताजं होत होतं, आणि दर वेळी दूधगंगेला कळत होतं की अण्णा आत आहेत. मॅनेजरनं माझ्या खांद्यावरून ते नाव वाचलं आणि तो बाजूच्या खुर्चीत बसला.

माझा फोन वाजला. अण्णाच होते. कंपनीनं करून दिलेल्या कॅबमध्ये, टिन फॅक्टरी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. मागे हॉर्नचा गोंगाट. मला वाटलं, आता ते रडतील, चिडतील, काहीतरी म्हणतील.

"तंगी, निचरा झाला काय?"

"एक जण आहे अजून," मी म्हटलं.

"कोण?"

मला नाव सांगवेना. आणि मग माझ्या तोंडून, त्यांच्याच बोलीत, तो प्रश्न गेला. दुपारपासून त्यांना तो कोणीतरी विचारायला हवा होता, आणि त्याच्याही आधी, वखारीच्या दारात. मी म्हटलं, "अण्णा, आत कोण हाय काय?"

पलीकडे नुसते हॉर्न. त्यांना कळायला थोडा वेळ लागला असावा. मग त्या सगळ्या गोंगाटातून त्यांचा आवाज आला, लहान, एखाद्या पोराचा असावा तसा.

"ओ."

मी फोन कानाशी घट्ट धरून बसले. त्यांनी घसा खाकरला. नंतरचा आवाज त्यांचा नेहमीचा होता. "आता बाहेर आलो बघ," ते म्हणाले. "लाव कडी."

मी दूधगंगा बंद केली. शेवटचा निचरा त्यांच्याच हातानं झाला, असं मी मॅनेजरला सांगितलं. त्यानं मान हलवली. फोन कधी ठेवला गेला ते आठवत नाही.

नव्या जोडणीतून सगळं सुरळीत चाललंय का ते बघायला म्हणून मी पुढच्या सर्व्हरची नोंद उघडली. संध्याकाळचे पेशंट येत होते, मागचा नवा ओ देत होता, सगळे आत जात होते. त्या गर्दीत मध्ये मध्ये एकाच मशीनचा पत्ता पुन्हा पुन्हा दिसत होता. माझ्या शेजारच्या टेबलाचा. अण्णांचा लॅपटॉप अजून आत यायला बघत होता. दूधगंगा तर राहिली नव्हती, म्हणून पुढचा त्याला नव्याकडे पाठवायचा, आणि नवा दर वेळी त्याला एकच विचारून परत लावायचा, तुम्ही कोण?

मी काही वेळ ते बघितलं. मग उठले, त्यांच्या टेबलापाशी गेले आणि लॅपटॉपचं झाकण हातानं हळूच मिटलं.